पालथी फ्रेम

१

भिंतीवर खिळा होता आणि चित्र नव्हतं.

मी गॅलरीत शिरले तेव्हा माझी भाची त्या खिळ्याकडे बघत उभी होती. कुलपाची किल्ली अजून हातात तशीच. तिला मी छकुली म्हणते. चाळिशी उलटली तरी म्हणते, आणि तिला आवडत नाही म्हणून जरा जास्तच म्हणते. मागे वळून न बघता ती म्हणाली, "मावशी, आई नाहीये."

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताईला जाऊन बरीच वर्षं झाली. पण छकुली कशाबद्दल बोलतेय ते मला तिथल्या तिथे कळलं.

आर्ट गॅलरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे संगमरवरी फरशी येते. आमची गॅलरी म्हणजे अरुंद रस्त्यावरचं एक लांबट दुकान. पुढे विकायची चित्रं, सगळी अस्सल, हातानं काढलेली. मागे फ्रेमा बनवायचं वर्कशॉप, तिथे कायम भुशाचा आणि डिंकाचा वास. आणि या दोन्हींच्या मधे एक अंधारा कोनाडा. त्यात एक खुर्ची, आणि खुर्चीसमोर ताईचं चित्र. दुकानातलं ते एकच चित्र विकायचं नव्हतं.

ते काढलं माझ्या मेहुण्यांनी, लग्न झाल्या झाल्या, कोरड्या रंगीत खडूंनी. भावजींना पांढऱ्या कागदाचा भारी राग. पांढऱ्यावर काढलेला माणूस आजारी दिसतो म्हणायचे. म्हणून त्यांनी कागदावर आधी चहाचं पाणी फिरवून तो तपकिरी करून घेतला, आणि चहा घेतला तो ताईच्या पुढ्यातला. "माझ्या तोंडचा चहा काढून कागदाला पाजला," म्हणून ती जी फुगली, ती त्या चित्रात कायमची जराशी रुसलेली राहिली. दिवसचे दिवस ती त्यांच्यासमोर बसायची. तिची मान अवघडली की ते म्हणायचे, "ऊठ, चहा पिऊन ये. मी थांबतो." आणि खरोखर थांबायचे. ती परत येईपर्यंत खडूला हात लावायचे नाहीत, तोंडात घास घालायचे नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. मला हे दोघं वेडे वाटायचे.

आता भावजी जवळजवळ सगळं विसरलेत. लेकीचं नाव गेलं, माझं तर केव्हाच गेलं. मला ते बहुतेक पोस्टातली बाई समजतात. उरलं होतं फक्त ते चित्र. घरी ते ओठ घट्ट मिटून बसतात, म्हणून छकुली त्यांना रोज गॅलरीत आणते, खुर्चीत बसवते, आणि ताईकडे बघत बघत ते डबा खातात. त्यांचं पोट त्या चित्रावर चालत होतं असं म्हटलं तरी चालेल.

त्या सकाळीही ते खुर्चीत बसले होते, रिकाम्या खिळ्यासमोर. छकुलीनं चमचा पुढे केला. त्यांनी मान फिरवली.

"येईल," ते म्हणाले. "आत्ताच तर उठलीय."

छकुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी बॅग खाली ठेवली. विमा कंपनीत मी जन्मभर नुकसानीच्या चौकशा केल्यात. गोदाम जळालं की मालक रडायचा आणि मी राखेत काडेपेटी शोधायचे. रडणाऱ्याला गप्प करायची माझी एकच रीत आहे, ती म्हणजे प्रश्न विचारणं.

"काल शेवटचं कधी पाहिलंस?"

"सकाळी. संध्याकाळी बाबा पुढच्या बाकावर पेंगत होते, तिथूनच मी त्यांना घरी नेलं. कोनाड्यातला दिवा लावलाच नाही गं मी."

इतक्यात मागच्या वर्कशॉपातून हाक आली. "बाई, इकडे या. फ्रेम सापडली. पण तुम्ही एकट्याच या आधी."

२

हाक मारणारा आमचा फ्रेमवाला. त्याला सगळे काटकोन म्हणतात. दुसऱ्याच्या घरी गेला की बसायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो. छकुलीच्या जन्माआधीपासून दुकानात आहे, आणि त्याचं बोलणं त्याच्या करवतीसारखं आहे.

वर्कशॉपात एका भिंतीला पुऱ्या झालेल्या फ्रेमा तोंड भिंतीकडे करून ओळीनं टेकवलेल्या असतात. त्यातली एक त्यानं बाहेर ओढली होती. "गिऱ्हाइकाची फ्रेम शोधत होतो," तो म्हणाला. "मागून सगळी चित्रं सारखीच दिसतात. ही उलटली आणि बघितलं."

काच धडधाकट होती. काळी पट्टी तीच, एका कोपऱ्यावरचा टवका तोच. काचेमागे मात्र कोरा पांढरा कागद होता. खालच्या कोपऱ्याशी ओल लागल्यासारखा एक फिकट डाग, बाकी सगळं पांढरंफटक. त्यावरच्या काचेत माझाच चेहरा दिसत होता, आणि तो काही बघण्यासारखा नव्हता.

मी फ्रेम पालथी केली. पाठीवर खाकी कागद चारी बाजूंनी चिकटवलेला, ताणलेला, कुठे चीर नाही. आणि कागद जिथे लाकडावर येतो तिथे लाल पेन्सिलीनं एक छोटा काटकोन काढलेला, अर्धा कागदावर, अर्धा लाकडावर. ती त्याची खूण. कुणी कागद काढून दुसरा लावला तर खूण जुळणार नाही, म्हणून तो ती करतो. खूण तंतोतंत जुळत होती.

"म्हणजे बंद फ्रेममधून बाई उठून गेली?" मी विचारलं.

"मला काय विचारता? मी फ्रेमा बनवतो, भुतं नाही उतरवत."

छकुली दारात येऊन उभी होती. तिनं कोऱ्या कागदाला काचेवरून हात लावला. "आईचा कागद तपकिरी होता," ती म्हणाली. "हा दुसराच कुणीतरी घातलाय. कोण करेल असं, मावशी?"

माझ्याकडे तीन नावं होती. एकाला ते चित्र हवं होतं. एकाला ते नको होतं. आणि तिसऱ्याची सही त्याच्या पाठीवर होती.

३

हवं होतं ते दातांच्या डॉक्टरांना. त्यांचा दवाखाना गॅलरीच्या समोरच आहे. चित्रांचे शौकीन, आणि ताईच्या चित्रावर तर त्यांचा डोळाच होता. वेटिंगमधे लावायचं म्हणत होते. रुसलेली बाई बघितली की पेशंटना आपलं दुखणं कमी वाटेल असा त्यांचा हिशेब.

मी पेशंट म्हणूनच गेले, कारण पेशंटला हाकलता येत नाही. चूक झाली. खुर्चीत आडवं केल्याबरोबर त्यांनी माझ्या तोंडात आरसा घातला आणि चौकशी त्यांनीच सुरू केली.

"काल तुम्ही गॅलरीत आला होतात," हे वाक्य मी तिसऱ्या प्रयत्नात पूर्ण केलं.

"माझं होडीचं चित्र फ्रेम झालं होतं, ते न्यायला. दुपारची वेळ. तुमची भाची पुढे फोनवर होती, फ्रेमवाला काच आणायला गेलेला. तोंड उघडा. मी म्हटलं, जाता जाता तुमच्या बहिणीला नमस्कार करून जावं."

"चित्र होतं?"

"कोनाड्यात अंधार होता, आणि खुर्चीत आजोबा नव्हते. ते मागे फ्रेमवाल्याच्या टेबलापाशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली तर ओठावर बोट ठेवलं. म्हणाले, हळू बोला, ती अवघडलीय. मला वाटलं, घरातलं कुणी आत झोपलंय. मी आपली होडी उचलली आणि निघालो. ही मागची दाढ काढावी लागणार बरं का."

"दाढ राहू द्या. कागदात बांधलेलं काय नेत होतात?"

त्यांनी हातातली सळई खाली ठेवली आणि मला हात धरून वेटिंगमधे नेलं. भिंतीवर होडी होती. मी ती भिंतीवरून उतरवली, पुढून पाहिली, मागून पाहिली. होडीच होती, आणि फार वाईट काढलेली होती. डॉक्टर दुखावलेले दिसत होते.

"मी मागितलं असतं," ते म्हणाले. "चोरलं नसतं. ते म्हातारे तिच्याकडे कसे बघतात ते मी पाहिलंय हो."

चाळीसेक वर्षं खोटं ऐकून माझे कान तयार झालेत. हे खोटं नव्हतं.

४

नको होतं ते छकुलीच्या नवऱ्याला, आमच्या जावईबापूंना.

भावजींचं अंघोळपाणी, कपडे, औषधं, रात्रीचं उठणं, सगळं हा माणूस करतो. तोंडातून चकार शब्द काढत नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाचा मला जन्मजात संशय आहे. शहराबाहेर अशा रुग्णांसाठी एक केंद्र आहे. भावजींना तिथे ठेवावं असं त्याचं मत होतं, आणि छकुलीनं त्या मतावरून त्याच्याशी अबोला धरला होता.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तो मशीनमधे कपडे टाकत होता. प्रत्येक खिसा उलटा करून बघत होता.

"बघावे लागतात, मावशी," तो म्हणाला. "बाबांच्या खिशात काय काय निघतं. अर्धं बिस्किट, पेनाचं टोपण, बारीक खिळे, बटणं. परवा माझा चष्मा निघाला. मी घरभर शोधत होतो."

"काल गॅलरीत होतात?"

"डबा द्यायला गेलो होतो, सकाळी. लगेच परत आलो."

"तुम्हाला ते चित्र तिथे नको होतं. तुम्ही तसं बोलला होतात."

त्यानं मशीनचं झाकण लावलं.

"हो, बोललो होतो. रोज ते तिच्यासमोर बसतात आणि तिच्याशीच बोलतात. छकुली शेजारी चमचा घेऊन उभी असते, तिच्याकडे बघत पण नाहीत. स्वतःच्या लेकीकडे. मला ते बघवत नाही. आज सकाळी चित्र गेल्याचं कळलं तेव्हा एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं, मावशी. पण बाबांनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांचे डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही पोटात गेलं नाही तर दाखल करा, नाकातून नळी घालावी लागेल." त्याचा आवाज फुटला. "मला त्यांना केंद्रात ठेवायचं होतं, पण असं नाही. असं नको होतं मला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मला ते जमत नाही. पण त्या क्षणी मला जावई पहिल्यांदा आवडला, आणि संशयितांच्या यादीतलं दुसरं नाव गेलं.

५

उरला काटकोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रेम खिडकीशी नेली आणि पुन्हा पालथी केली. उजेड चांगला होता. खाकी कागद कोवळा होता, बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजत होता. शेजारच्या जुन्या चित्रांच्या पाठी मात्र सुकून चुरचुरीत झालेल्या. म्हणजे हा कागद नवीन. मग मी लाकडावरची लाल खूण बघितली, आणि चष्मा पुसून परत बघितली.

कागदावर अर्धी खूण एकच होती. लाकडावर दोन होत्या. एक ताजी, कागदावरच्या खुणेशी जुळणारी. दुसरी तिच्या बोटभर वर, फिकट पडलेली, आणि तिचा अर्धा भाग कुठेच नव्हता.

काटकोन पट्टी कापत होता. मी फ्रेम त्याच्यापुढे ठेवली. "तुम्ही ही उघडून परत बंद केलीत. परवाच."

त्यानं त्या दोन खुणांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता उसळेल, कारण शब्दानं शब्द वाढवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण तो खाली स्टुलावर बसला.

"दोन्ही माझ्याच," तो म्हणाला. "मग मीच केलं असणार. पण मी वहिनींची फ्रेम उघडली नाही, बाई. मला आठवत नाही तसं." त्याच्या तोंडावरचा रंगच गेला. "दादांचं पण असंच सुरू झालं होतं ना? अशीच एखादी गोष्ट आठवायची नाही?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, सगळं ठरवून आले होते. ते राहूनच गेलं. मी त्याला म्हटलं, चहा सांगा, आणि त्याच्या समोरच्या खोक्यावर बसले. कोनाड्यातून छकुलीचा आवाज येत होता. एक घास, बाबा. फक्त एक. आणि त्यावर भावजींचा शांत आवाज, "ती आली की."

"परवा संध्याकाळी काय काय केलंत?" मी विचारलं. "पहिल्यापासून सांगा."

"काच घेऊन आलो. टेबलावर कामं पडलेली. रोजचंच. जी फ्रेम टेबलावर पालथी, पाठ उघडी, ती बंद करायची. पुठ्ठा बसवायचा, मूठ मारायची, खिळे, कागद, खूण. मग तोंड भिंतीकडे करून टेकवायची."

"उलटून बघत नाही?"

"अजिबात नाही. काच एकदा पुसली की फ्रेम परत परत उलटायची नाही, धूळ बसते. मीच सगळ्यांना शिकवलंय. पालथी फ्रेम म्हणजे आतलं काम झालेलं आहे."

चहा आला. मी विचारात होते, कप हिंदकळला आणि चहा खोक्यावरच्या वर्तमानपत्रावर सांडला. पुसायला कागद उचलला तर डाग पलीकडच्या पानावर उतरलेला. तसाच, पण फिकट.

मी किती वेळ त्या डागाकडे बघत होते कोण जाणे. मग उठले, फ्रेम सुलटी केली आणि त्या पांढऱ्या कागदाच्या कोपऱ्यातल्या डागावर बोट ठेवलं.

ती ओल नव्हती.

६

"छकुली," मी हाक मारली. "नवऱ्याला बोलावून घे. ताई कुठे गेलेली नाही."

सगळे वर्कशॉपात जमले. भावजी कोनाड्यातच होते, दारातून त्यांची पाठ दिसत होती. मी फ्रेम टेबलावर ठेवली.

"तुला वाटतं आईचा कागद तपकिरी होता," मी छकुलीला म्हटलं. "नव्हता. पांढराच होता. भावजींनी एका बाजूनं चहा फिरवला होता, माझ्यासमोर. ताई कशी फणफणली होती ते मला अजून ऐकू येतं. खालच्या कोपऱ्यात चहा जास्त झाला आणि कागदातून मागे उतरला. हा तो डाग. आपण दोन दिवस तिच्या पाठीकडे बघतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

जावई पुढे झुकून बघायला लागला.

"कागद कुणीतरी फक्त उलटा करून घातलाय. चोर असं करत नाही, चोर घेऊन जातो. लपवणाराही करत नाही, तो फ्रेम परत भिंतीवर लावेल, म्हणजे बोंब उशिरा होईल. काटकोनांनीही केलं नाही. खडूचं चित्र काचेला टेकू नये म्हणून ते काच आणि कागद यांच्यामधे बारीक काड्या घालतात. त्या काड्या अजून काचेकडेच आहेत, कडेनं दिसतात बघा. त्यांनी चित्र मुद्दाम पालथं घातलं असतं तर काड्याही पलीकडे घातल्या असत्या. झोपेतसुद्धा."

काटकोननं मोठा श्वास सोडला. डोळे टिपले की नाक पुसलं ते कळलं नाही.

"मग कोण?" छकुलीनं विचारलं, पण तिला कळलं असावं, कारण ती दाराकडे बघत होती.

"दातांच्या डॉक्टरांनी परवा दुपारी भावजींना या टेबलापाशी पाहिलं. ते त्यांना म्हणाले, हळू बोला, ती अवघडलीय. जावईबापू, बाबांच्या खिशात बारीक खिळे निघाले ना? फ्रेमचे आहेत. काटकोन यायच्या आधी भावजी स्वतःची फ्रेम स्वतःच ठोकायचे. डोकं विसरलं तरी हात नाही विसरले. त्यांनी चित्र उतरवलं, पाठ फाडली, खिळे काढून खिशात टाकले, कागद उलटा केला, पुठ्ठा परत ठेवला, आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. संध्याकाळी काटकोन आले. टेबलावर पालथी फ्रेम, पाठ उघडी. त्यांनी रोजच्यासारखी बंद केली. चोर कुणी नाहीच."

"पण का?" जावयानं विचारलं.

"त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही. आत्ताच उठलीय, म्हणाले. इतकी वर्षं ती त्यांच्यासमोर एकाच जागी बसलीय, मान न हलवता. त्यांना वाटलं, ती दमली असेल. त्यांनी तिला चहाला सोडलं. आणि ती येईपर्यंत ते जेवत नसतात, कधीच जेवत नव्हते."

मग छकुली रडता रडता हसली. "म्हणजे उलटं करून लावलं की झालं. काका, उघडा ना, पटकन उघडा."

काटकोननं पाकळीसारखा खाकी कागद सोडवला, खिळे काढले. त्याची बोटं पुठ्ठ्यावर थबकली. त्याच्या डोक्यात काय आलं ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मी मनात म्हटलं, नको.

"मी मूठ मारली होती," तो म्हणाला.

७

पुठ्ठा उचलला तेव्हा ताईचा चेहरा अर्धा त्याला चिकटून वर आला.

कोरडा खडू हात लागला तरी निघतो. पालथा घातल्यावर तो पुठ्ठ्याला टेकला होता, आणि काटकोननं पुठ्ठा नीट बसावा म्हणून वरून मूठ मारून तो दाबला, सरकवला, घट्ट केला. रोज मारतो तशीच. कागदावर आता तपकिरी धुकं होतं, त्यात एक भुवई आणि साडीच्या काठाची एक रेघ. पुठ्ठ्यावर उलटा, फिसकटलेला गाल. दोन्ही शेजारी ठेवले तरी माझी बहीण त्यातून होत नव्हती.

जन्मभर मी कुणाचं ना कुणाचं नाव शोधून काढलं. आग कुणी लावली, कुलूप कुणी तोडलं. नाव सापडलं की माझं काम संपायचं आणि रात्री झोप लागायची. इथेही सगळं सापडलं होतं. रागवायला मात्र कुणीच नव्हतं. काटकोन दोन्ही मुठी मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसला होता. छकुली म्हणाली, "काका, तुमचा काय दोष?" आणि ते खरं होतं, म्हणून त्याला जास्तच लागलं.

तरी तिनं तो कागद भावजींपुढे नेला. त्यांनी सभ्यपणे बघितला.

"कुणी काढलंय?" ते म्हणाले. "पुसलंय सगळं. शिकतोय वाटतं."

मग तिनं माझा दंड धरला. "मावशी, तू आईसारखी दिसतेस. हनुवटी तीच आहे. तू बस समोर."

मी कधी कुणासमोर गप्प बसलेली नाही. पण बसले. खिळ्याखाली स्टूल ठेवलं, मान जराशी कलती केली, ओठ थोडे पुढे काढले, ताई रुसायची तसे. भावजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या वयात, त्या माणसासमोर मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो, आलीस म्हणा.

"बाई," ते अगदी अजीजीनं म्हणाले, "जरा सरकता का? ती जागा तिची आहे."

मी उठले. जावई फोन घेऊन बाहेर गेला, केंद्रात जागा आहे का विचारायला. छकुलीनं त्याला अडवलं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी वर्कशॉपात परत गेले. "काटकोन," म्हटलं, "हा कागद होता तसाच परत घाला. पाठ पुढे. आणि काड्या या वेळी आतल्या बाजूला."

"आता काड्या कशाला? काय राहिलंय?"

"एक भुवई राहिलीय. घाला."

त्यानं घातल्या. मूठ मारली नाही, तळव्यानं हळूच दाबलं. नवा खाकी कागद लावला, तिसरी खूण केली. फ्रेम खिळ्यावर लावून तो मागे सरला आणि सवयीनं ती सरळ केली. काचेमागे पांढरा कागद, कोपऱ्यात चहाचा डाग. भावजी त्या पाठीकडे बघून ओळखीचं हसले.

मी छकुलीच्या हातातला डबा घेतला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. "भावजी," मी म्हणाले, "ताईचा निरोप आहे. आज तिला यायला उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या म्हणालीय. थांबू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस नजर कुठे नेतो ते मी किती नव्या पोरांना शिकवलं होतं. माझी नजर तिथेच गेली, भिंतीकडे.

"तिनं सांगितलं?"

"हो."

"रागावलीय का?"

"नाही. आज नाही."

त्यांनी तोंड उघडलं. छकुलीनं माझ्या हातासकट चमचा धरला. दाराशी जावई फोन कानाला लावून उभा होता. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं.

आता रोज सकाळी मी गॅलरीत जाते आणि तोच निरोप देते. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी मी लोकांचे दावे फेटाळले, तीच मी रोज करते, आणि हे किती दिवस चालेल ते मला माहीत नाही. ते रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकतात. घास चावतात, गिळतात, आणि त्या पाठमोऱ्या कागदाकडे बघून म्हणतात, "तिला सांगा, घाई नाही म्हणावं."